स्टिल्टचे बीम गंजलेत, ठेकेदार कार्बन रॅपिंग सुचवतोय: किती थर, आणि त्याआधी काय?

ठाणे_साईट

नमस्कार मंडळी,

ठाण्यात खाडीच्या अंगाला १९८८ ची एक सोसायटी आहे, स्टिल्ट अधिक चार मजले. ऑडिटमध्ये सी-२बी शेरा आलाय, म्हणजे रहिवाशांना न हलवता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सल्लागारांच्या वतीने साईटवर देखरेख माझ्याकडे आहे. पार्किंगमधल्या सात बीमचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) खालून फुगून सुटलंय आणि सळया दिसताहेत. हाती आलेली माहिती अशी:

बीम २३० × ४५० मिमी, स्पॅन ४.८ मीटर, दोन्ही टोकांना कंटिन्युअस. खाली १६ मिमीच्या ३ टॉर सळया, रिंगा ८ मिमी, २०० मिमीवर. नकाशात एम १५ लिहिलंय. कोअर टेस्टमध्ये पाच बीमची क्यूबच्या हिशोबातली ताकद २२ ते २५ मेगापास्कल आली, पण बी-३ आणि बी-६ मध्ये १५-१६ च. गंज खरवडून कॅलिपर लावला तर पाच बीममध्ये सळई १३.८ ते १४.४ मिमी भरते, बी-३ आणि बी-६ मध्ये जेमतेम १२. बी-६ च्या बरोबर वर पहिल्या मजल्याची मोरी आहे आणि नहाणी ट्रॅप गळतोय. हाफ-सेलचे (गंज चालू आहे का ते दाखवणाऱ्या विद्युत चाचणीचे) आकडे उणे ३८० ते उणे ४५० मिलिव्होल्ट, सळईच्या खोलीवर क्लोराइड ०.९ ते १.२ किलो प्रति घनमीटर. मिडस्पॅनला डेड लोडचं मोमेंट (बीम वाकवणारा जोर) ३८ आणि लाइव्ह लोडचं १२ किलोन्यूटन-मीटर.

ठेकेदाराचा प्रस्ताव: पॉलिमर मॉर्टरने कव्हर भरायचं आणि सातही बीमना तिन्ही बाजूंनी, पूर्ण लांबीत, ३०० जीएसएम (चौ. मीटरला ग्रॅम) कार्बन कापडाचे इपॉक्सीने चिकटवलेले दोन थर. कार्बन बसला की गंजाचा प्रश्नच मिटतो, असं त्याचं म्हणणं. कमिटीतल्या एकाने ग्लास फायबर निम्म्या दरात होतं असं ऐकलंय.

दोन थर खरोखर लागतात का? गंज थांबतो का? आणि साईटवर मी नेमकं काय तपासावं? ठेकेदाराला पुढच्या पंधरवड्यात, म्हणजे जूनच्या तोंडावर, काम सुरू करायचंय.

---

बांधणी_गणित

माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे नुसत्या सल्ल्याऐवजी आकडेच मांडतो. फ्लँज (बीमला जोडलेला स्लॅबचा भाग) धरलेला नाही, साधा आयताकृती छेद, इफेक्टिव्ह डेप्थ ४१० मिमी, काँक्रीट २२.

मूळ १६ च्या ३ सळया म्हणजे ६०३ चौ. मिमी. आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे क्षमता साधारण ७८ किलोन्यूटन-मीटर. आता सरासरी १४ मिमी उरली म्हणजे ४६२ चौ. मिमी, क्षमता ६२. तुमची गरज १.५ × (३८ + १२) = ७५. म्हणजे १३ कमी पडतात. पाच बीमसाठी भरून काढायचं आहे ते एवढंच.

आता कार्बन. ३०० जीएसएमच्या एका थराची हिशोबाची जाडी ०.१६७ मिमी, मॉड्युलस (ताठपणा) २३० गिगापास्कल. बीमचे खालचे कोपरे गोल केल्यावर सपाट रुंदी १९० मिमी उरते, म्हणजे कार्बनचं क्षेत्रफळ जेमतेम ३१.७ चौ. मिमी. कार्बन तुटण्याच्या खूप आधी काँक्रीटवरून सुटतो, आणि ती मर्यादा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय ४४०.२आर मध्ये दिली आहे: सुटण्याचा स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात ताणलं जाणं) = ०.४१ × √(काँक्रीटची सिलिंडर ताकद ÷ (थरांची संख्या × मॉड्युलस × एका थराची जाडी)). क्यूब २२ म्हणजे सिलिंडर साधारण १७.६. एका थराला ०.००८८ येतो. मी हात राखून ०.००७ धरतो. ताण ५१ किलोन्यूटन, त्याला ०.८५ चा गुणक, लिव्हर आर्म (ताण आणि दाब यांमधलं अंतर) ०.४ मीटर: १७ किलोन्यूटन-मीटर. ६२ आणि १७ मिळून ७९. गरज ७५. एक थर पुरतो.

दुसरा थर लावला तर सूत्रातली थरांची संख्या वर्गमुळाखाली दोन होते, सुटण्याचा स्ट्रेन ०.००६२ वर येतो. सामान दुप्पट, मिळणारा ताण फक्त १.४ पट. जाड लॅमिनेट पट्टीचं गणित तर अशा काँक्रीटवर आणखी वाईट: १.४ मिमी जाडीच्या पट्टीला हाच आकडा ०.००३६ च्या आसपास येतो. कमकुवत काँक्रीटवर पातळ आणि रुंद थर चांगला.

हे सगळं चाचपणीपुरतं आहे. डिझाइन सादर करताना आयएस ४५६ चे गुणक आणि एसीआयचे गुणक एकाच गणितात मिसळू नयेत. कुठलातरी एक मार्ग धरून शेवटपर्यंत जावं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. कार्बन लावण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: आगीत किंवा कुणी ड्रिल मारल्यामुळे कार्बन पूर्ण गेला, तर बीम उभा राहील का? त्यासाठी एसीआयची अट अशी की कार्बनशिवायची सध्याची क्षमता १.१ डेड अधिक ०.७५ लाइव्ह एवढी तरी हवी. तुमच्याकडे ४१.८ + ९ = ५०.८. पाच बीमची क्षमता ६२, पास. बी-३ आणि बी-६ मध्ये १२ मिमी सळई आणि १५ चं काँक्रीट धरलं तर क्षमता ४५ च्या घरात येते, नापास. शिवाय जिथे चिकटण्यावरच सगळी मदार आहे तिथे सिलिंडर ताकद किमान १७ मेगापास्कल मागतात, आणि त्या दोन बीमची १२-१३ आहे. त्या दोघांवर कार्बनचे चार थर लावले तरी उत्तर येत नाही. तिथे स्टील वाढवावंच लागेल.

ग्लासबद्दल थोडक्यात. ई-ग्लासचा मॉड्युलस ७२ च्या आसपास, म्हणजे तेवढाच ताठपणा हवा तर तिपटीहून जास्त जाडी. सतत भाराखाली ग्लासला सुरक्षित ताण त्याच्या ताकदीच्या २० टक्के एवढाच धरतात, कार्बनला ५५ टक्के. उघड्या हवेत ताकदीचा गुणकही ग्लासला ०.६५, कार्बनला ०.८५. बेंडिंगसाठी ग्लास नको. कॉलम बांधायला ते चालतं, तो वेगळा विषय.

---

काँक्रीट_रिपेअर

गणित वर आलंय, मी गंजाकडे वळतो, कारण ठेकेदाराचं ते वाक्य सरळ चुकीचं आहे. कार्बन गंज थांबवत नाही. तुमचं क्लोराइड ०.९ ते १.२ आहे, आयएस ४५६ ची नव्या काँक्रीटची मर्यादा ०.६ आहे, आणि हाफ-सेल उणे ३५० च्याही पलीकडे, म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. त्यावर कार्बन चिकटवला तर आतली सळई फुगत राहणार आणि कव्हर कार्बनसकट खाली येणार. फरक एवढाच की आधी भेग दिसायची, आता ती झाकलेली असेल.

तिन्ही बाजूंनी पूर्ण गुंडाळण्यालाही माझा विरोध आहे. काँक्रीटमधली ओल बाहेर पडायला जागाच उरत नाही. खाली सलग पट्टा आणि अंतर सोडून यू पट्ट्या (तळ आणि दोन्ही बाजू धरणाऱ्या), एवढं बस्स.

क्रम असा ठेवा.

आधी गळती. नहाणी ट्रॅप बदलून, मोरीचं वॉटरप्रूफिंग होऊन, पाणी तुंबवून चाचणी झाल्याशिवाय बी-६ ला हातही लावू नका.

मग टेकू. स्टिल्टमध्ये जमिनीवर नुसता पीसीसी (सळई नसलेलं काँक्रीट) असतो, त्यामुळे जॅकखाली फळी हवी. दर मीटरला एक जॅक, वर लाकडी पाचर, आणि भार खरोखर उचलला जाईल इतका ताण. हे नुसतं सुरक्षेसाठी नाही. कार्बन फक्त तो चिकटल्यानंतर आलेला भार घेतो. टेकू न लावता काम केलं तर सध्याचा सगळा भार जुन्या सळयांवरच राहतो आणि कार्बन नुसता बसून असतो. जॅक काढायचे ते कार्बन लावल्यावर सात दिवसांनी, मधून टोकांकडे.

फोडकाम. पॅचच्या कडा कटरने १० मिमी खोल सरळ कापा, कडेला निमुळतं भरलेलं मॉर्टर हमखास सुटतं. काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमी जाईपर्यंत काढा, बोटं मागून फिरली पाहिजेत. लांबीत, गंज संपून स्वच्छ सळई दिसल्यावरही ५० मिमी पुढे. हलका चिपिंग हॅमर वापरा. जड ब्रेकरने उरलेल्या काँक्रीटमध्ये बारीक तडे जातात आणि नंतर पुल-ऑफ टेस्टमध्ये (पृष्ठभाग ओढून पकड तपासण्यात) नेमके तिथेच तुटतं.

सळई साफ करणं. तारेच्या ब्रशने वरचा पापुद्रा निघतो, खड्ड्यांतला काळा गंज तसाच राहतो आणि क्लोराइड तिथेच दडलेलं असतं. सँडब्लास्टिंग करून चकचकीत धातू दिसला पाहिजे. जागा नसेल तर निडल गन आणि मग स्वच्छ पाण्याचा जोरदार फवारा. कॅलिपर आता पुन्हा लावा, दर ५०० मिमीवर, आणि सगळ्यात कमी आकडा नोंदवा. आधीचे १४ इथे कधी कधी १३ होतात. १३ वर तुमची क्षमता ५४ च्या आसपास येईल, म्हणजे ५०.८ च्या अटीला टेकलेली. त्याखाली गेलेला बीम कार्बनच्या यादीतून काढून बी-३, बी-६ च्या रांगेत टाका.

आता रिंगा. सगळे मुख्य सळयांकडे बघतात, पण रिंग बाहेरच्या बाजूला असते आणि आधी तीच खल्लास होते. ८ ची ६ मिमी झाली की क्षेत्रफळ ५० वरून २८, म्हणजे ४४ टक्के गेलं. कोपऱ्यावर तुटलेली रिंग तर मोजायचीच नाही. प्रत्येक बीममध्ये दोन्ही टोकांकडच्या मीटरभरात किती रिंगा धड आहेत ते मोजून कळवा.

नवीन पॅच घातला की त्याच्या कडेच्या जुन्या, क्लोराइड असलेल्या काँक्रीटमधली सळई जास्त वेगाने गंजते. दुरुस्तीनंतर दोन-तीन वर्षांत पॅचला लागूनच फुगवटा येतो, त्याचं कारण हेच. म्हणून पॅचच्या कडेला, जुन्या काँक्रीटपासून १०० मिमीच्या आत, जस्ताचे सॅक्रिफिशियल अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधा, सळईवर साधारण ५०० ते ६०० मिमी अंतराने. इथे एक गोष्ट सर्रास चुकते: अॅनोड बांधायचे आणि वर सळईला इपॉक्सी कोट, जुन्या काँक्रीटला इपॉक्सी बाँडकोट मारायचा. मग अॅनोडचा प्रवाह जाणार कुठून? अॅनोड असतील तर बाँडिंगसाठी सिमेंटी स्लरी किंवा नुसतं पाण्याने ओलं करून वरून कोरडं केलेलं काँक्रीट, आणि भरायच्या मटेरियलची रेझिस्टिव्हिटी (विद्युत रोध) १५,००० ओहम-सेमीच्या आत. पॉलिमरचा भरपूर डोस असलेलं मॉर्टर यात बसत नाही. या कामाला मायक्रोकाँक्रीटच (पिशवीतलं, ओतता येणारं बारीक काँक्रीट) घ्या, फॉर्मवर्क लावून. पिशवीवर लिहिलेलं पाणी मापाच्या भांड्यानेच घाला. मिस्त्री डोळ्यांनी घालतो आणि वर पातळ पाणी जमा होतं. सात दिवस ओली गोणपाटं.

---

ठाणे_साईट

दोघांचेही मनापासून आभार. रिंगा मोजल्या. पाच बीममध्ये बहुतेक रिंगा ६ मिमी उरल्यात, पण बी-२ च्या पश्चिम टोकाला आणि बी-५ मध्ये एकाआड एक रिंग कोपऱ्यात तुटलेली आहे. बी-३ आणि बी-६ चं नेमकं काय करायचं? आणि कमिटी विचारते, दोन बीमना काँक्रीटचंच जॅकेट करणार असाल तर सातहींना तेच का नको?

---

बांधणी_गणित

आधी शिअर, म्हणजे टोकांजवळ बीम कातरणारा जोर. टोकापासून इफेक्टिव्ह डेप्थएवढ्या अंतरावर तुमची मागणी ७८ किलोन्यूटनच्या आसपास. काँक्रीट साधारण ४५ घेतं, ६ मिमी उरलेल्या रिंगा २०० वर असतील तर ४२. मिळून ८७, ठीक. पण बी-२ आणि बी-५ मध्ये एकाआड एक तुटली म्हणजे अंतर ४०० झालं, रिंगांचा वाटा २१ वर आला, बेरीज ६६. तिथे १२ कमी पडतात. १०० मिमी रुंद, एका थराच्या यू पट्ट्या २०० मिमी मध्यांतराने लावल्या तर साधारण २५ मिळतात. यू पट्टी वर स्लॅबमुळे बंद होत नाही, तिचा स्ट्रेन ०.००२७ च्या वर धरू नका. पत्रकांत दिसणारा ०.००४ हा आकडा इथे मिळत नाही. फोडकाम चालूच आहे तर तुटलेल्या जागी नवीन रिंगही बांधा.

बाकीच्या तीन बीमना यू पट्टी फक्त खालच्या पट्ट्याच्या टोकांना, २०० ते ३०० मिमी रुंद. खालचा थर टोकाकडूनच उलगडायला लागतो, कव्हरचा थर घेऊन. कंटिन्युअस बीममध्ये मोमेंट शून्य होतं ती जागा टोकापासून साधारण मीटरभर, आणि तिच्यापुढे निम्मी डेप्थ किंवा १५० मिमी जाणं हा किमान नियम. पण तुमच्या सळया पूर्ण लांबीत खाल्ल्या गेल्यात, म्हणून पट्टा कॉलमच्या तोंडापासून १०० ते १५० मिमीवरच संपवा. सपोर्टवरच्या वरच्या सळयांना या खालच्या कार्बनचा काहीही उपयोग नाही. त्या कव्हर मीटरने आणि एक-दोन ठिकाणी उघडून स्वतंत्र तपासा.

बी-३, बी-६: ३० किलोन्यूटन-मीटरची तूट. खाली १६ मिमीच्या दोन नव्या सळया, जुन्या तळापासून खाली, ७५ मिमी मायक्रोकाँक्रीटच्या जॅकेटमध्ये. त्यांची टोकं कॉलममध्ये २० मिमीचं भोक पाडून, किमान २५० मिमी खोल, इपॉक्सी अँकरने. भोक पाडण्याआधी कॉलमच्या सळया शोधून खूण करा, कॉलमची सळई कापून बीम वाचवण्यात काही हशील नाही. भोकातली धूळ ब्रश आणि हवेने दोन-तीनदा काढल्याशिवाय अँकर धरत नाही. नव्या यू रिंगा ८ मिमीच्या, १५० वर, त्यांचे पाय बीमच्या बाजूंना वर नेऊन अँकर करा. टॉर सळईला वेल्डिंग करू नका. थंड पिळून आलेली तिची ताकद उष्णतेने उतरते.

दोन्ही बाजूंना आणि खाली ७५ मिमी घेतलं तर जॅकेटचं वजन मीटरला १.९ किलोन्यूटन वाढतं, मोमेंटमध्ये सुमारे ३.६. दोन बीमना ते झेपतं. सातहींना तेच करायला गणिताची ना नाही, पण तेवढं वजन कॉलम आणि फाउंडेशनवरही जातं, पार्किंगची उंची ७५ मिमीने कमी होते, आणि प्रत्येक टोकाला कॉलममध्ये भोकं पडतात. ३७ वर्षांच्या खाडीकाठच्या कॉलममध्ये चौदा ठिकाणी भोकं पाडायला माझं मन धजत नाही. पाच बीमची तूट फक्त १३ आहे. तिथे एक थर कार्बन हेच योग्य.

---

जुना_पूलवाला

एक मुद्दा जोडतो. कार्बनचा पहिला मोठा वापर ज्या पुलावर झाला, स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नजवळचा ईबाख पूल, १९९१, तिथे सिग्नल बसवताना भोक पाडलं गेलं आणि प्रीस्ट्रेसिंगची केबल तुटली होती. १७५ किलो स्टील प्लेटच्या जागी ६.२ किलो कार्बनवर भागलं. पण तिथलं काँक्रीट निरोगी होतं, स्टील फक्त एका जागी तुटलं होतं. आपल्याकडे समुद्रकाठच्या इमारतींत नेमकं उलटं असतं: स्टील सगळीकडे थोडं थोडं गेलेलं आणि काँक्रीटमध्ये मीठ. म्हणून तिकडचे गोडवे ऐकून इकडे थेट रॅपिंग सुरू करू नये. वरच्या दोघांनी गंजाचं काम आधी सांगितलंय, खर्चाचा मोठा भाग तिथेच जाणार हे कमिटीला आत्ताच सांगून ठेवा. कार्बनचं सामान पाच बीमना मिळून खालच्या पट्ट्याचं जेमतेम चार-साडेचार चौरस मीटर, वर यू पट्ट्या.

टेंडरमध्ये दर "प्रति चौ. मी., प्रति थर, लॅप (एकावर एक येणारा जोड) वेगळा न मोजता" असा लिहा. नाहीतर लॅपचे पैसे वेगळे लागतात आणि मोजमापाच्या वेळी भांडण होतं.

---

इपॉक्सी_लाइन

कार्बन प्रत्यक्ष लावण्याचं मी लिहितो, आणि आधी जूनबद्दल.

जूनमध्ये फोडकाम, टेकू, मायक्रोकाँक्रीट खुशाल करा, पावसाळा क्युरिंगला चांगलाच. इपॉक्सीचं काम मात्र नको. नियम असा की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. जुलैत ठाण्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर दवबिंदू २६.२. म्हणजे बीम २९.२ च्या वर हवा, आणि सावलीतला स्टिल्टचा बीम २७ असतो. डोळ्यांना न दिसणारा ओलसर थर बसतो, हार्डनर त्याच्याशी रिअॅक्ट होऊन वर तेलकट, चिकट साय धरते आणि पुढचा थर तिच्यावरून सुटतो. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरवर न्या. तोवर टेकू तसेच राहू द्या, आणि मायक्रोकाँक्रीट सुकायलाही वेळ मिळतो. काँक्रीटमधली ओल ४ टक्क्यांच्या आत हवी. मीटर नसेल तर ४५० मिमी चौरस पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि १६ तासांनी बघा; आत थेंब किंवा काँक्रीटवर गडद डाग दिसला तर थांबा.

पृष्ठभाग: डायमंड कपच्या ग्राइंडरने सिमेंटची साय काढून खडी दिसू लागेपर्यंत. १ मिमीपेक्षा मोठे उंचवटे नकोत. कोपरे किमान १३ मिमी त्रिज्येचे, मी २० मागतो. ०.३ मिमीहून रुंद भेगा आधी इपॉक्सी इंजेक्शनने भरलेल्या हव्यात. धूळ व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतं.

मग पुल-ऑफ टेस्ट, कार्बन आणण्याच्या आधी. ५० मिमीची डॉली (धातूची चकती) चिकटवून, भोवती खाच पाडून ओढायची. किमान १.४ मेगापास्कल म्हणजे गेजवर साधारण २.७५ किलोन्यूटन. आकड्याइतकंच महत्त्वाचं, तुटलं कुठे: डॉलीवर खडीसकट काँक्रीट आलं पाहिजे. मायक्रोकाँक्रीट आणि जुन्या काँक्रीटच्या सांध्यावर स्वच्छ सुटलं तर दुरुस्तीच धरलेली नाही, तिच्यावर कार्बन लावण्यात अर्थ नाही. म्हणून निदान दोन डॉलींची खाच पॅचच्या खाली जुन्या काँक्रीटपर्यंत न्या.

सामान आल्यावर एक सोपी तपासणी. रोलमधून ३०० × ३०० मिमीचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर टाका. ३०० जीएसएम असेल तर २७ ग्रॅम भरेल, शिलाईच्या दोऱ्यामुळे किंचित जास्त. १८ भरला तर ते २०० जीएसएम आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

प्रमाण साधारण असं: प्रायमर चौ. मीटरला २०० ते ३०० ग्रॅम, मग बारीक छिद्रं आणि खळगे भरायला पुट्टी, आणि एका थराला सॅच्युरंट (कापड भिजवणारी इपॉक्सी) ६०० ते ८०० ग्रॅम. यापेक्षा बरंच कमी वापरलं गेलं तर कापड आत कोरडं राहिलंय. दिवसाच्या शेवटी रिकामे डबे मोजून क्षेत्रफळाने भागा. इपॉक्सीचे दोन भाग वजनाने, डिजिटल काट्यावर. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर मिश्रण कायमचं मऊ राहतं. पूर्ण डबा एकदम कालवू नका, उन्हाळी तापमानात तो वीसेक मिनिटांत गरम होऊन गोठतो. किलो-सव्वा किलो कालवून लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

कापडाचे धागे बीमच्या लांबीला समांतर हवेत, ५ अंशांपेक्षा तिरकं गेलं तर काढायला लावा. ४.५ मीटरचा पट्टा अखंडच लावा, तेवढ्यात लॅप कशाला? पट्टा मधोमध चिकटवून दोन्ही टोकांकडे दाबत जा. रोलर फक्त धाग्यांच्या दिशेने, आडवा फिरवला की धागे वळतात. काटेरी रोलरने हवेचे फुगे बाहेर काढत जा, खालून सॅच्युरंट वर फुटून आलं की कापड भिजलं. खालचा पट्टा ओला असतानाच यू पट्ट्या. पुट्टीचा थर सलग हवा, कारण कार्बन उघड्या सळईला किंवा बाइंडिंग वायरच्या टोकाला टेकला तर कार्बन आणि स्टीलची बॅटरी बनते आणि ती सळई झपाट्याने खाल्ली जाते. शेवटच्या ओल्या कोटवर कोरडी क्वार्ट्झ वाळू फेका, नाहीतर प्लॅस्टर धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकत फिरा. बद्द आवाज आला तिथे खडूने गोल काढा. १,३०० चौ. मिमीपर्यंतचा, म्हणजे साधारण ४० मिमी व्यासाचा पोकळ डाग चालतो, असे डाग एकूण क्षेत्रफळाच्या ५ टक्क्यांच्या आत असले तर. १६,००० चौ. मिमीहून मोठा असेल तर तो भाग कापून नवा तुकडा, पुरेशा लॅपसह. मधल्या आकाराचे इंजेक्शनने भरता येतात, पण सुई कडेला घाला, पट्ट्याच्या मधल्या धाग्यांत भोक पाडू नका. पट्टा लावतानाच शेजारच्या धड बीमवर त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने एक फूटभर नमुना लावून ठेवा आणि सात दिवसांनी पुल-ऑफ त्याच्यावर घ्या. खऱ्या पट्ट्यावर डॉली मारायची गरज पडत नाही.

---

ठाणे_साईट

स्पष्ट झालं. पाच बीमना एक थर, बी-२ आणि बी-५ ला यू पट्ट्या, बी-३ आणि बी-६ ला जॅकेट, इपॉक्सी पावसाळ्यानंतर. एक शेवटचं: स्टिल्टमध्ये पाण्याच्या लाइनी बीमच्या तळाला क्लॅम्प करून नेलेल्या आहेत. त्या परत तिथेच लावायच्यात असं प्लंबर म्हणतोय. आणि वर फक्त रंग दिला तर चालेल का?

---

इपॉक्सी_लाइन

तळाला क्लॅम्प अजिबात नाही. ८ मिमीच्या एका भोकाने १९० पैकी ८ मिमी धागे तुटतात एवढ्यावर भागत नाही, त्या भोकाच्या कडेपासून पट्टा सुटायला लागतो आणि स्क्रूवाटे पाणी आत जातं. लाइनी भिंतीवरून किंवा जमिनीवर स्टँड करून न्या. बीमच्या बाजूलाच न्यायच्या असतील तर यू पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वरच्या भागात, आणि ती जागा कार्बन लावण्याआधी भोकं पाडून, स्लीव्ह घालून तयार ठेवा.

रंग ऊन अडवतो, आग नाही. साइटवर सुकणाऱ्या इपॉक्सीचं ग्लास ट्रान्झिशन (मऊ पडण्याचं तापमान) साधारण ६० ते ८२ अंश, म्हणजे खाली गाडी पेटली तर काही मिनिटांत पकड जाते. ५०.८ ची अट वर आली ती याचसाठी. वाळू फेकलेल्या थरावर जाळी बांधून २० मिमी व्हर्मिक्युलाइट प्लॅस्टर करा. जाळीचे खिळेही पट्ट्यात नकोत, बीमच्या बाजूंना घ्या. आणि प्लॅस्टरवर प्रत्येक बीमला तळाशी लाल रंगात "ड्रिल करू नये" लिहा. सोसायटीच्या फाइलमध्ये पट्ट्यांचा नकाशा आणि फोटो ठेवा, पुढचं ऑडिट करणाऱ्याला प्लॅस्टरखाली काय आहे ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

---

काँक्रीट_रिपेअर

अॅनोड घालताय तर दोन-तीन ठिकाणी सळईला तार जोडून ती छोट्या जंक्शन बॉक्समध्ये बाहेर काढून ठेवा, खर्च किरकोळ आहे. कार्बन आणि प्लॅस्टरवरून हाफ-सेल घेता येत नाही, म्हणून बीमच्या बाजूला यू पट्ट्यांच्या मध्ये टेस्टची जागा उघडी सोडा. त्या तारेला मीटर जोडून तिथे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर आकडा घ्या. पहिला आकडा अॅनोड बसवल्यावर महिन्याने नोंदवून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून बघायचेत.